महाराजांचं भाषण, अरविंदबाबूंची लेखणी

(दृश्य: बडोदे, दांडिया बाजार. सकाळची वर्दळ. अरविंद निवासाचं फाटक.)

दांडिया बाजारात आजही मराठी कानावर पडतं. इथल्या या घराशी अरविंद घोष यांचं नाव जोडलेलं आहे. १८९३ ते १९०६ ते बडोदे संस्थानाच्या नोकरीत होते. आधी सरकारी खाती, मग कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवणं. मधूनच वाड्यावरून बोलावणं यायचं: महाराजांचं भाषण लिहायचंय.

(दृश्य: लक्ष्मी विलास राजवाडा. सयाजीरावांचं छायाचित्र.)

‘लिहून दिलेलं वाचतो’ हा पुढाऱ्याला मारायचा जुनाच टोमणा. सयाजीरावांनाही त्याची कल्पना होती. अरविंदबाबूंना बंगाली शिकवायला आलेल्या दिनेंद्रकुमार राय यांनी एक प्रसंग नोंदवलाय. मसुदा ऐकून महाराज म्हणाले, फारच सुरेख झालंय, माझं वाटणार नाही. जरा साधं करा. अरविंदबाबू बधले नाहीत. साधं केलं तरी लोक म्हणायचं तेच म्हणणार, विचार तुमचे आहेत ना, तेवढं बघा, असं त्यांचं उत्तर.

(दृश्य: जुन्या अहमदाबादची छायाचित्रं. दुष्काळाची चित्रं.)

१५ डिसेंबर १९०२. अहमदाबादेत काँग्रेसच्या अधिवेशनाला जोडून औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं, आणि उद्घाटनाला सयाजीराव. मसुदा अरविंदबाबूंचाच. गुजरात नुकताच छप्पनियातून, संवत १९५६ च्या त्या भयंकर दुष्काळातून, बाहेर आला होता. समोरच्या माणसांनी तो डोळ्यांनी पाहिलेला. प्रदर्शनाच्या मांडवात यंत्रांचं कौतुक करून मोकळं होता आलं असतं. महाराजांनी दुष्काळ, वाढती गरिबी आणि रोगराईच पुढे घेतली. यावरून आपल्याच व्यवस्थेत काहीतरी मुळातलं दुबळेपण आहे हे दिसतं, असं ते म्हणाले. दैवाला बोल नाही, सगळं खापर सरकारवर नाही. श्रोत्यांना गोंजारणं सोपं असतं. त्यांच्या जखमेवर बोट ठेवून पुन्हा त्यांनाच जबाबदार धरायचं तर बोलणाऱ्याची पत लागते.

(दृश्य: अमरेलीच्या शाळेचं जुनं चित्र. कवळाणे गाव.)

ती पत कुठून आली? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ, म्हणजेच पुढचे सयाजीराव, १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक आला, तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच मुलानं मोठा होऊन १८९३ मध्ये संस्थानातल्या अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं. म्हणजे अहमदाबादेत देशाच्या दुबळेपणावर बोलणाऱ्या माणसानं, निदान एका तालुक्यात तरी, उपाय करून पाहिला होता. शब्द कुणाच्या लेखणीतून उतरले, याला मग फारसं महत्त्व उरत नाही. निदान मला तरी तसं वाटतं.

एक उणीव मात्र झाकू नये. भाषण इंग्रजीत होतं. छप्पनियात ज्याची गुरं मेली, त्या शेतकऱ्यासाठी ते नव्हतंच.

(दृश्य: कलकत्ता, जुनी छायाचित्रं. गोपाळ कृष्ण गोखले.)

१९०६ मध्ये सक्तीचं शिक्षण संपूर्ण संस्थानात लागू झालं. पाच वर्षांनी गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. हिंदुस्थानात हे जमणार नाही, या आक्षेपावर दाखवायला त्यांच्याकडे बडोद्याचं उदाहरण होतं, आणि भाषणात त्यांनी ते दाखवलंही. तरी १९१२ मध्ये विधेयक फेटाळलं गेलं.