इंजेक्शनमागची नोंदवही

श्रोतेहो, नमस्कार.

रुमेटॉइड संधिवातात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. गेल्या शतकाच्या अखेरीस त्यावर नवी इंजेक्शनं आली, टीएनएफ नावाच्या प्रथिनाला अडवणारी. गुण चांगला येई. पण हेच टीएनएफ शरीरात दबून राहिलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडूनही ठेवतं. त्याला वर्षानुवर्षं अडवलं तर? औषध बाजारात येण्याआधीच्या चाचण्या थोडक्या काळाच्या आणि निवडक रुग्णांवरच्या. त्यांतून हे कळणार नव्हतं.

म्हणून २००१ मध्ये ब्रिटनमधल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं ही इंजेक्शनं घेणाऱ्या रुग्णांची देशव्यापी नोंदणी सुरू केली आणि ती चालवायला मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांकडे सोपवली.

पहिला पेच पैशांचा. खर्च औषध कंपन्यांनी उचलायचा होता. ज्यांच्या मालातले दोष शोधायचे, त्यांच्याच पैशावर? तोडगा साधा होता. कंपन्यांनी पैसे संघटनेला द्यायचे आणि संघटनेनं विद्यापीठाशी करार करायचा. रुग्णांची माहिती आणि तिचा अभ्यास विद्यापीठात. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सर्वांत हुशार कागद म्हणजे हा करारनामा!

मग सुरू झाली खरी कारकुनी. पहिली तीन वर्षं दर सहा महिन्यांनी प्रत्येक रुग्णाचा फॉर्म रुग्णालयातून भरून यायला हवा, पुढे वर्षातून एकदा. रुग्णांनीही घरी डायरी लिहायची. फॉर्म आला नाही तर पुन्हा विचारणा. कारण जो रुग्ण यादीतून गळतो, तोच कदाचित दगावलेला असतो. म्हणून कॅन्सर आणि मृत्यूची माहिती थेट राष्ट्रीय नोंदींतून घेतली. जुनी औषधं घेणाऱ्यांचीही वेगळी यादी ठेवली. संधिवात असलेल्यांना जंतुसंसर्गाचा धोका मुळातच जास्त. तुलनेला कुणी नसेल तर सगळं खापर इंजेक्शनवर फुटायचं.

या चिकाटीचं फळ २०१०मध्ये दिसलं. इंजेक्शन घेणाऱ्या दहा हजारांहून अधिक रुग्णांत क्षयाचे ४० रुग्ण सापडले. जुन्या औषधांवरच्या तीन हजारांहून अधिक जणांत एकही नाही. इंजेक्शनांतही फरक निघाला. अडॅलिम्युमॅब आणि इन्फ्लिक्सिमॅबवर क्षयाचं प्रमाण इटॅनरसेप्टच्या तीन ते चार पट होतं. आणि गोऱ्या नसलेल्या रुग्णांना हा धोका गोऱ्यांच्या सुमारे सहापट.

हा शेवटचा आकडा आपण नीट ऐकायला हवा, कारण क्षय आपल्याकडे घरोघरी माहीत असलेला आजार. ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी डॉक्टर छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी सांगतात. ती टाळू नका. घरात कुणाला पूर्वी टीबी झाला असेल तर संकोच न करता सांगा. आणि इंजेक्शन सुरू झाल्यावर खोकला, ताप रेंगाळला, वजन उतरलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

नमस्कार.