टिळकांना पांढऱ्या मिशा लावू नका

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेत १९७७ साली पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर एक गप्पांचा कार्यक्रम सुरू झाला. नाव ‘मीटिंग ऑफ माइंड्स’, आणि यजमान स्टीव्ह ॲलन. मेजाभोवती पाहुणे कोण, तर क्लिओपात्रा, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट, थॉमस पेन आणि तेराव्या शतकातले धर्मपंडित थॉमस अक्वायनस! अर्थात सगळे नट. क्लिओपात्रा झाली होती ॲलनसाहेबांची पत्नी जेन मेडोज. घरचीच नटी, मानधनाची बोलणी तरी वाचली. मात्र संवाद हवेतले नव्हते. त्या त्या माणसानं लिहून ठेवलेलं, बोललेलं शक्य तितकं धुंडाळून ते रचलेले असत. १९८१ पर्यंत हा कार्यक्रम चालला.

आपल्याकडे असं काही करायचं म्हटलं, की पहिली अडचण हारतुऱ्यांची. पौराणिक मालिकेतल्या नटाच्या पाया पडणारी माणसं आपण. थोर पुरुषाची एकपात्री भूमिका आपल्याला चालते, कारण त्यात समोरून कुणी उलट प्रश्न विचारत नाही. इथे तर उलट प्रश्नांसाठीच खुर्च्या मांडायच्या.

आणि ॲलन यांच्या बैठकीत मला एक उणीव वाटते. त्यांचे पाहुणे एकमेकांना परके. क्लिओपात्राचं आणि रूझवेल्टचं जुनं देणंघेणं काय असणार? पाहुणे असे हवेत, की खुर्चीत बसायच्या आधीच त्यांचा हिशेब थकलेला आहे. आपल्या मुंबई-पुण्यात अशी चार माणसं मिळतात. साल धरा १८८७. टिळक, आगरकर, गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे आणि रखमाबाई.

टिळक आणि आगरकर दोघेही १८५६चे, म्हणजे जेमतेम तिशी ओलांडलेले. म्हणून रंगभूषाकाराला आधीच बजावून ठेवायचं, पांढऱ्या मिशांचा डबा घरी ठेवून या. कोल्हापूरच्या दिवाणांवर ‘केसरी’ आणि ‘मराठा’त टीका केली म्हणून झालेल्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली दोघांनी आपल्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्यांच्या जामिनासाठी दहा हजारांची तजवीज जोतिराव फुल्यांच्या शब्दावर रामशेठ उरवणे यांनी केली, आणि सुटल्यावर सत्काराला पुढे झाले ‘दीनबंधू’ या साप्ताहिकाचे लोखंडे. म्हणजे तिघे एकमेकांना चांगलेच ओळखतात. तुरुंगातल्या आठवणींवर दहा मिनिटं हसतखेळत जातील. लोखंडे गिरणी कामगारांच्या रविवारच्या सुट्टीचा विषय काढतील. ती मिळायला अजून तीन वर्षं आहेत.

मग रखमाबाई बोलायला लागतील. गिरगावात सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढलेली, बावीस-तेवीस वर्षांची बाई. अकराव्या वर्षी लग्न लागलं, पण ती नांदायला गेली नाही. नवऱ्यानं १८८४ साली दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. मनाविरुद्ध बाईला असं धाडणं त्यांना क्रूरपणाचं वाटलं. अपिलानंतर १८८७च्या मार्चमध्ये दुसऱ्या न्यायमूर्तींनी हुकूम दिला, की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. ती म्हणाली, कैद चालेल. टिळकांनी लेखणी तिच्या विरोधात चालवली, आगरकर तिच्या बाजूचे.

आता बघा, मेजाभोवती दोन माणसं तुरुंग भोगून आलेली, आणि तिसरी तुरुंगाला तयार झालेली. रखमाबाईनं टिळकांना एवढंच विचारायचं, ‘डोंगरीत जेवण कसं असतं हो?’ हा प्रश्न मात्र माझा, तिच्या कागदपत्रांतला नाही, हे यजमानानं तिथल्या तिथे सांगून टाकावं. उत्तर मात्र टिळकांच्याच लेखांतून यावं, धारदार, धर्मशास्त्राचा आधार घेणारं, जराही मवाळ न केलेलं. टिळकांना गुळगुळीत करून बसवलं, तर रखमाबाईची हिंमत दिसणार कशी?

नटांच्या निवडीबद्दल माझं मत सांगतो. टिळकांसाठी भारदस्त आवाजाची रांग लागेल. खरी अवघड भूमिका रखमाबाईची. दोन विद्वान तिच्या लग्नाबद्दल तिच्या डोक्यावरून वाद घालत असताना तिला ऐकत बसायचंय, आणि कॅमेरा तिच्याच चेहऱ्यावर राहणार. ‘अ हिंदू लेडी’ या सहीनं टाइम्स ऑफ इंडियात १८८५ साली तिची पत्रं आली होती, ती नटीनं आधी वाचलेली असावीत.

यजमान कोण? वकील नको, तो निकाल देऊन मोकळा होईल. प्राध्यापक नको, आपण सगळे घोरायला लागू. गिरगावातली एखादी खमकी पत्रकार बाई बघा, जी ‘लोकमान्य’ म्हणायचं विसरेल. ती पदवी त्यांना अजून मिळालेलीच नाही.

आणि दुसरा भाग हवाच. तडजोडीनं १८८८ साली प्रकरण मिटलं, दोन हजार रुपयांवर. त्यानंतर रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेत आणि राजकोटला त्यांनी दवाखाने सांभाळले, आणि १९५५ पर्यंत जगल्या. लोखंडे १८९७ साली गेले, आगरकर १८९५ साली, टिळक १९२० साली. दुसऱ्या भागात मेजाभोवती एकटी तीच असेल, आणि यजमान बाईनं तिन्ही खुर्च्या तशाच ठेवून तिला विचारायचं, ‘डॉक्टर, आज यांच्यापैकी कुणाशी भांडायला आवडलं असतं?’

नमस्कार.