मुनगा : शेंगेपलीकडे

नागपूरचं कॉटन मार्केट, मार्चमधली पहाट. मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या शेंगांच्या जुड्या पोत्यांवर रचल्यात. घेणारी बाई शेंग पिळून बघते. लवचीक असेल तर कोवळी, कडक लागली तर बी धरलंय. शेंगांना नागपुरात गिऱ्हाईक कधीच कमी नसतं. पाला, फांद्या, बिया मात्र कचऱ्यात जातात, आणि आमची तक्रार तीच आहे.

शहराच्या महाल भागातलं हे परस बघा. शेंगा उतरल्या आणि छातीएवढ्या उंचीवर खोड कापलं. जिवावर येतं, पण मुनग्याला हे मानवतं. नवे फुटवे येतात आणि शेंगा हाताशी राहतात. वाढू दिला तर लाकूड ठिसूळ, वादळात फांदी शेजारच्याच्या टिनाच्या छपरावर. त्यावरून भांडणं होतात, झाडंही जातात.

कापलेली मनगटाएवढी जाड, दोन हात लांब फांदी म्हणजे पुढचं झाड. चार दिवस सावलीत ठेवून काप सुकू द्यायचा, मग तिसरा हिस्सा मातीत. आपली काळी माती पाणी धरते आणि साचलेल्या पाण्यात मुनग्याची मुळं कुजतात. म्हणून खड्ड्यात हा मुरूम आणि बुडाशी मातीचा उंचवटा. बियांपासून लावायचा असेल तर तमिळनाडूत पेरियाकुलमला तयार झालेलं पीकेएम-१ वाण आहे, सहाएक महिन्यांत शेंगा देतं.

आता पाला. देठ धरून उलटा ओरबाडला की पानं ताटात, काडी हातात. काडी राहिली तर दाताखाली येतेच. लसणाची फोडणी, भिजवलेली मूगडाळ, तिखट, मीठ, झाली भाजी. प्रथिनं, कॅल्शियम, लोह, सगळं यात आहे. हाच पाला वाळवून डबीत भरला की त्याला सुपरफूडचा भाव येतो! तीनशे रोगांवर औषध वगैरे आम्ही म्हणणार नाही. मुळं आणि साल गरोदर बाईने टाळावीत.

आणि हा पेला. फुटाळा तलावाचं गढूळ पाणी. वाळल्या बीचे पंख काढले, टरफल सोललं, पांढरा गर कुटून पाण्यात ढवळला. गरातली प्रथिनं मातीच्या बारीक कणांना चिकटतात, कणांचे गोळे होतात, जड होऊन तळाला बसतात. बघा, वरून खाली पाणी कसं निवळत चाललंय. दीड-दोन तास लागतात, इथे व्हिडिओचा वेग वाढवून दाखवलंय. जंतू सगळे जात नाहीत, प्यायचं तर उकळायलाच हवं.