रुआटोरियाचा कोरीव हॉल

हॉलमध्ये शिरण्याआधी मैदान बघून घ्या. न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं रुआटोरिया हे गाव. मागे हिकुरांगीचा डोंगर. हे मैदान वाकारुआ पार्क.

6 ऑक्टोबर 1943 ला इथं हजारो लोक जमले होते. सेकंड लेफ्टनंट मोआना-नुई-आ-कीवा न्गारिमु त्याच वर्षी मार्चमध्ये ट्युनिशियातल्या एका टेकडीवर धारातीर्थी पडला. वय 23. त्याचा व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश सैन्यातलं शौर्याचं सर्वोच्च पदक, गव्हर्नर जनरलनी इथं येऊन त्याच्या आईवडिलांना दिला. माओरी म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी. न्गारिमुच्या 28व्या माओरी बटालियनमधून सुमारे 3600 जण लढले; 649 परत आले नाहीत.

आता हॉल. नाव उएपोहाटू, उघडला 1947 साली. महायुद्धांत गेलेल्या या भागातल्या माओरी आणि गोऱ्या, दोन्ही जवानांचं हे स्मारक.

युद्धानंतर सरकारनं गावोगावी सांगितलं होतं, स्मारक म्हणून नुसता खांब नको, वापरता येईल असं काही बांधा; तुमच्या पौंडाला आमचा पौंड. असे तीनशेच्या वर हॉल झाले. बहुतेक अगदी साधे. वास्तुशैली बघून वारसा ठरवणाऱ्यांच्या नजरेत ते भरत नाहीत, आणि मला ते चुकीचं वाटतं. लग्न, मयत, सभा, सगळं जिथं होतं त्याच भिंतीवर गेलेल्यांची नावं असतात.

रुआटोरियात मात्र नजर हटत नाही. कल्पना माओरी पुढारी सर आपिराना न्गाटांची, कोरीवकाम पाइने टायापांच्या हाताखालचं. टायापा स्वतः माओरी बटालियनचे. वाकसानं लाकूड तासायची जुनी रीत विस्मरणात चालली होती. ती त्यांनी एरामिहा कापुआ या जुन्या कारागिराकडून शिकून घेतली.

कॅमेरा जरा जवळ नेऊ. कोरीव फळ्यांच्या मधे हे विणकाम, टुकुटुकु. पुढे आडव्या पट्ट्या, मागे उभ्या काड्या. एक बाई पुढे बसते, एक मागे. पुढचीनं विणायच्या पानाच्या पट्टीचं टोक आत सारायचं, मागचीनं ओढून परत द्यायचं. टाका चुकला की दोघींनाही उसवावं लागतं.

आपल्याकडे देवळाबाहेर वीरगळ असतो. वीर कोण, हे बहुधा गावालाही सांगता येत नाही. आणि ही न्यूझीलंडची मंडळी आपल्याला तशी परकी नाहीत. 9 एप्रिल 1945 ला इटलीतल्या सेनियो नदीवर न्यूझीलंडची डिव्हिजन आणि आठवी इंडियन डिव्हिजन शेजारीशेजारी लढल्या. संगमनेरजवळच्या निमजच्या नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो त्याच दिवशीच्या कामगिरीसाठी.