अकरावीला गणित ठेवायचं की जीवशास्त्र?

श्रोतेहो, नमस्कार.

दहावीचा निकाल लागला, अकरावीचा अर्ज भरून झाला, विज्ञान शाखा मिळाली, की घरोघरी एकच प्रश्न उरतो. बायो ठेवायचं की मॅथ्स? मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माझ्या तासाला दोन्हीकडची मुलं एकाच बाकावर बसलेली असतात, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी माझ्याकडे येतोच. आज त्याबद्दल बोलायचं आहे, मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी.

मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते आधीच सांगते. ज्या विषयाची धास्ती वाटते तो सोडायचा, एवढ्याच कारणावर विषय ठरवू नका. जीवशास्त्र का घेतलंस, असं विचारलं की 'मॅथ्स जमत नाही' हे उत्तर मला फार ऐकायला मिळतं. जीवशास्त्र आवडतं म्हणून घेतलं, असं सांगणारी मुलं त्या मानानं कमी. आणि गणित का घेतलंस, तर 'पाठांतर नको होतं'. काय नको हे दोघांचंही पक्कं असतं, पण पुढची दोन वर्षं रोज पहाटे उठून काय करायला आवडेल, याचा विचार व्हायचा राहून जातो.

बरं, गणित सोडलं म्हणून ते पाठ सोडतं का? राज्य मंडळाचं अकरावीचं भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडा. सुरुवातीच्याच प्रकरणांत सदिश (व्हेक्टर) आहेत, कलनाची म्हणजे कॅल्क्युलसची ओळख आहे. माझ्या विषयात मोल संकल्पना आहे, सामू (पीएच) काढताना लॉगॅरिदम आहे, बारावीला अभिक्रियेचा वेग काढायचा तर पुन्हा लॉगॅरिदम. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या नीट या परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. त्यातले ९० प्रश्न, म्हणजे ३६० गुण, जीवशास्त्राचे. उरलेले ३६० भौतिक आणि रसायन या दोन विषयांचे, आणि बरीच मुलं अडखळतात ती भौतिकशास्त्राच्या त्या ४५ प्रश्नांपाशी. आकडेमोडीपासून सुटका व्हावी म्हणून ज्यानं बायो घेतलं, त्याची ही सुटका होत नाही. हे त्याला प्रवेशाआधीच कळायला हवं.

पाठांतराच्या धास्तीनं बायो सोडणाऱ्यांनाही हेच सांगेन. आनुवंशिकीची उदाहरणं सोडवताना हिशेब करावाच लागतो. झाडाच्या मुळातून पाणी शेंड्यापर्यंत कसं चढतं, हे कारण समजल्याशिवाय लिहिताच येत नाही. नुसतं पाठ करून बायोत टिकता येत नाही.

मग या दोन विषयांत खरा फरक कुठे आहे? मला तो एमएचटी-सीईटीत, म्हणजे अभियांत्रिकी, फार्मसी, कृषी यांसाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेत, स्वच्छ दिसतो. गणिताला ९० मिनिटं, जीवशास्त्रालाही ९० मिनिटं. दोन्हीचे गुण १००. पण गणिताचे प्रश्न ५०, प्रत्येकी २ गुणांचे. जीवशास्त्राचे प्रश्न १००, प्रत्येकी १ गुणाचे. वेळ तोच, गुण तेवढेच, मेहनतीची जात मात्र वेगळी. गणितात थोड्या गोष्टी असतात आणि त्या खोलवर खणाव्या लागतात. एका उदाहरणापाशी अर्धा तास अडकून बसायची तयारी लागते. जीवशास्त्रात गोष्टी खूप असतात, त्या बारकाव्यांसकट लक्षात ठेवायच्या, आकृत्या काढायच्या, एकाचा दुसऱ्याशी संबंध लावायचा आणि महिन्यानं परत तेच वाचायचं. यातली कुठली मेहनत तुमच्या मुलाला सोसते? दहावीच्या गुणपत्रिकेवरून ते समजत नाही. दहावीला जीवशास्त्र हा विज्ञानाच्या दुसऱ्या भागाचा एक हिस्सा असतो, आणि गणिताचे ४०-४० गुणांचे दोन पेपर सराव असला तर चांगले जातात. अकरावीचा आवाका त्याच्या कितीतरी पुढचा.

म्हणून मी एक साधा उपाय सुचवते. बालभारतीची अकरावीची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात. क्लास सुरू होऊन दिवस भरून जाण्याआधी गणितातलं त्रिकोणमितीचं एक प्रकरण आणि जीवशास्त्रातलं कुठलंही एक प्रकरण स्वतःचं स्वतः वाचा. स्वाध्याय सोडवा. अडणार तर आहातच, दोन्हीकडे अडणार. अडल्यावर कुठल्या पुस्तकाकडे पुन्हा हात जातो ते बघा. आणि पालकहो, या दिवसांत मुलाला प्रश्न विचारू नका, नुसतं लक्ष ठेवा. पंधरा-सोळा वर्षांचं मूल तोंडानं तुम्हाला बरं वाटेल तेच सांगतं.

आता पुढच्या प्रवेशांचं बघू. अभियांत्रिकीला गणित लागतं, एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी, पशुवैद्यक या सगळ्यांना जीवशास्त्र आणि नीट लागते, हे बहुतेकांना माहीत असतं. मधल्या वाटांबद्दल मात्र खूप गैरसमज आहेत. बी.फार्म.साठी बायो हवंच असं अजूनही बरेच जण समजतात. भौतिक आणि रसायन सक्तीचे, तिसरा विषय गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी कुठलाही चालतो. बी.एस्सी. कृषीचंही तसंच. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी सीईटी गणिताच्या किंवा जीवशास्त्राच्या, कुठल्याही गटातून देता येते. गणित आवडणाऱ्या एखाद्या मुलीला केवळ फार्मसी करायची म्हणून कुणी बायो घ्यायला लावत असेल, तर कृपा करून थांबा.

गणित नेमकं कुठे आडवं येतं, तेही सांगते, कारण ते कळतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. आर्किटेक्चरला भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही लागतात. नुसती चित्रकला चांगली असून भागत नाही. खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, हवाई दल किंवा नौदलासाठी जायचं तर बारावीला गणित हवं. भूदलासाठी शाखेची अट नाही, पण लेखी परीक्षेतला ३०० गुणांचा गणिताचा पेपर सगळ्यांनाच द्यावा लागतो. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला जायचं, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी.स्टॅट. ही संख्याशास्त्राची पदवी करायची, तरी बारावीला गणित असायला हवं. वाणिज्य शाखेतली मुलं 'मॅथ्स की एसपी', म्हणजे गणित की चिटणिसाची कार्यपद्धती, असा पेच घेऊन येतात, त्यांनाही सांगते: सीएला बारावीच्या गणिताची अट नाही, पण सीए फाउंडेशन या पहिल्या परीक्षेच्या ४ पेपरांपैकी १०० गुणांचा एक पेपर गणित, तर्क आणि सांख्यिकीचाच असतो.

आणि मग येतो तो पीसीएमबीचा मार्ग, म्हणजे भौतिक आणि रसायनाबरोबर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवण्याचा. मी त्याच्या विरोधात नाही. ज्याला दोन्ही खरोखर आवडतात त्यानं जरूर ठेवावेत. पुण्यासह देशभरातल्या आयसर या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्र, रसायन, गणित आणि भौतिक या चारही विषयांचे सारखेच प्रश्न असतात. अशा मुलांना तिथे त्यांच्या मेहनतीचं चीज झाल्यासारखं वाटतं. आजचं जीवशास्त्र संख्याशास्त्राशिवाय आणि संगणकाशिवाय पुढे जात नाही, तेव्हा दोन्ही येणाऱ्यांची गरज वाढतेच आहे. पण निर्णय पुढे ढकलायचा म्हणून पीसीएमबी घेणं मला पटत नाही. सकाळी नीटचा क्लास, संध्याकाळी अभियांत्रिकीच्या जेईई या प्रवेश परीक्षेचा, मध्ये प्रात्यक्षिकं. मुलं दमून वर्गात डुलक्या घेतात तेव्हा जीव तुटतो. दोन्ही ठेवायचेच असतील तर अकरावीच्या पहिल्या सत्राच्या शेवटी कुठल्या प्रवेश परीक्षेची तयारी करायची ते नक्की करा. दुसरा विषय मग बारावीपुरता ठेवा.

इथेच आणखी एक सांगून टाकते. संगणकशास्त्राचा द्विलक्षी (बायफोकल), म्हणजे दोन विषयांच्या जागी घ्यायचा व्यावसायिक विषय २०० गुणांचा असतो, तो घेतला की सहसा जीवशास्त्राबरोबर मराठी किंवा दुसरी भाषाही सुटते. घेण्याआधी ही गोष्ट मुलाला माहीत असू द्या. माझ्या मते भाषा सोडणं वाटतं तेवढं किरकोळ नाही.

निवड चुकली तर काय, ही धाकधूक मी समजू शकते. वेंकी रामकृष्णन यांनी बडोद्याला भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं, अमेरिकेत भौतिकशास्त्रातच पीएच.डी. मिळवली आणि त्यानंतर सॅन दिएगोला जाऊन जीवशास्त्र पुन्हा विद्यार्थी होऊन शिकले. पेशीत प्रथिनं तयार करणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल २००९ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. वाट बदलता येते, हे त्यांच्याकडे बघून कळतं. त्यासाठी वर्षं द्यावी लागतात, हेही कळतं.

आपल्याकडेही वाट बदलायची सोय आहे. बारावी झाल्यावर राहून गेलेला विषय मंडळाच्या परीक्षेत 'तुरळक विषय' म्हणून देता येतो. बारावीनंतर असा जीवशास्त्र हा जादा विषय घेऊन उत्तीर्ण झालेल्यांना नीटला बसण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नोव्हेंबर २०२३ मध्ये दिली. त्याआधी ही वाट बंद होती. ज्यांनी बारावीला नुसतं गणित घेतलं आणि नंतर डॉक्टर व्हावंसं वाटलं, त्यांच्यासाठी हा मोठा दिलासा आहे. तरी एक वर्ष जातंच, प्रात्यक्षिकांचीही सोय बघावी लागते.

त्यापेक्षा अकरावीच्या पहिल्या काही आठवड्यांतच बदल करणं कितीतरी सोपं. महाविद्यालयात तुकडीत जागा असेल तर साध्या अर्जावर विषय बदलून मिळतो. मुदत प्रत्येक ठिकाणची वेगळी असते, म्हणून प्रवेशाच्या दिवशीच कार्यालयात ती विचारून घ्या. येताना घरी एक कागद तयार करून आणा. मुलाला करून बघावेसे वाटतात ते तीन-चार अभ्यासक्रम त्यावर लिहा आणि प्रत्येकासमोर त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतली विषयांची अट उतरवून काढा. नियम बदलत असतात, तेव्हा शेजारच्या दादाला गेल्या वर्षी काय लागलं त्यावर विसंबू नका. तो कागद आणि त्या दोन प्रकरणांच्या सोडवलेल्या वह्या घेऊन आमच्यापैकी कुठल्याही शिक्षकाकडे या. आम्ही बसून बोलू. मुलाला बोलू द्या, आम्ही ऐकू.

नमस्कार.