बेडफर्डचा भांडीवाला आणि क्षमा नसलेलं पाप

नमस्कार श्रोतेहो.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण देवाकडे क्षमा मागतो आणि त्याच दमात दुसऱ्याला क्षमा केल्याचं सांगून टाकतो. ती प्रार्थना तुम्हांला पाठ आहे, उधळ्या पुत्राची गोष्टही पाठ आहे, तेव्हा त्यात वेळ घालवत नाही. आज बोलायचंय ते येशूच्या एका वाक्याबद्दल. भल्याभल्यांची झोप उडवणारं वाक्य आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 12 व्या अध्यायात तो म्हणतो की माणसांच्या सगळ्या पापांना क्षमा मिळेल, पण पवित्र आत्म्याविरुद्ध केलेल्या दुर्भाषणाला मिळणार नाही. या युगात नाही, येणाऱ्या युगातही नाही.

ऐकायला कठोर आहे, मान्य. पण हे बोलणं निघालं कशावरून? येशूने एका आंधळ्या, मुक्या माणसाला बरं केलं. लोक थक्क झाले. परूशी, म्हणजे धर्मशास्त्राचे कडक जाणकार, मात्र म्हणाले, हा भुतांच्या अधिपतीच्या, बालजबूलच्या जोरावर भुतं काढतो. म्हणजे चांगलं काम डोळ्यांदेखत झालं, आणि त्याच कामाला त्यांनी सैतानाचं काम म्हटलं. ते वाक्य या लोकांना उद्देशून आहे. पुन्हा सांगतो, हे वाक्य घाबरलेल्या माणसाला उद्देशून नाही, स्वतःबद्दल तिळमात्र शंका नसलेल्या विद्वानांना उद्देशून आहे. मार्क तर आपल्या शुभवर्तमानात तिथेच कारणही देऊन ठेवतो: ‘याला अशुद्ध आत्मा लागला आहे’ असं ते म्हणत होते, म्हणून. हल्ली सकाळी उठल्याउठल्या मागचापुढचा संदर्भ कापून, गुलाबाच्या चित्रावर एकच वचन चिकटवून फोनवर पाठवतात ना, त्या मंडळींनी निदान मागच्या दहा ओळी तरी वाचाव्यात. असो.

आता गोष्ट. खरं सांगायचं तर या गोष्टीसाठीच मी आजचा विषय घेतलाय.

सतराव्या शतकातलं इंग्लंड. बेडफर्ड शहराजवळ एल्स्टो नावाचं गाव. तिथे 1628 साली एक मुलगा जन्मला. नाव जॉन बनियन. हसून घ्या एकदा, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल. बाप दारोदार फिरून तुटकीफुटकी भांडी सांधून द्यायचा, पोरानेही तोच धंदा धरला. आपल्याकडे कल्हईवाला यायचा तशातलीच जात. कल्हईवाले गेले आणि पितळेची पातेली माळ्यावर गेली. नॉनस्टिकमधल्या आमटीला ती चव नाही, हे माझं मत कुणी बदलू शकलेलं नाही. तर हा बनियन. लग्न झालं तेव्हा घरात धड ताट नाही की चमचा नाही. बायकोने माहेरून काय आणलं, तर दोन धार्मिक पुस्तकं! ती वाचता वाचता गडी देवाच्या मागे लागला.

आणि मग घाबरायलाच लागला. त्याला चर्चची घंटा वाजवण्याचा भारी नाद. मनाने घेतलं की हे पाप आहे, म्हणून वाजवणं सोडलं. पण बघायला जायचाच. मग वाटलं, घंटाच डोक्यावर पडली तर? म्हणून तुळईखाली उभा राहू लागला. मग वाटलं, घंटा भिंतीवर आपटून उलटून अंगावर आली तर? म्हणून दारात उभा राहिला. मग वाटलं, अख्खा मनोराच कोसळला तर? आणि पळाला. हे सगळं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, 1666 साली छापलेल्या आत्मकथेत. स्वतःची फजिती इतक्या मोकळेपणाने लिहिणारे संत मला फार आवडतात.

पण खरं संकट पुढेच होतं. ऐन तरुणपणी त्याच्या डोक्यात एक आवाज सुरू झाला: ‘विक त्याला. विक त्याला.’ कुणाला? ख्रिस्ताला. जेवताना, काम करताना, अंथरुणात, सतत तेच. वर्षभर. तो उत्तर द्यायचा, ‘नाही विकणार, हजार जगं दिलीस तरी नाही, हजारो हजार जगं दिलीस तरी नाही.’ समोर कुणी उभं असावं तसा हातांनी, कोपरांनी ढकलायचा. जेवणावरून उठून प्रार्थनेला जायचा. आणि एका सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या, भांडून भांडून थकल्यावर, मनात विचार येऊन गेला: ‘जायचंय तर जाऊ दे त्याला.’

बस्स. एवढंच. ओठ हलले नाहीत, कुणी ऐकलं नाही. फक्त मनात येऊन गेलं. पण झाडावरून गोळी घातलेला पक्षी पडावा तसा मी खाली आलो, असं तो लिहितो. आता त्याला बायबलमध्ये एकच माणूस दिसू लागला, एसाव. एका जेवणासाठी ज्येष्ठपणाचा हक्क विकणारा, आणि नंतर रडूनही पश्चात्तापाला जागा न मिळालेला. आपणही विकलं. आपल्यालाही जागा नाही. त्यात हाती पुस्तक पडलं तेही नेमकं फ्रान्सिस स्पिरा या इटालियन वकिलाबद्दलचं. या स्पिराने 1548 मध्ये व्हेनिसच्या धर्मन्यायालयापुढे आपला प्रॉटेस्टंट विश्वास नाकारला, आणि ‘मला क्षमा नाही’ असं म्हणत म्हणत तो मेला. ताज्या जखमेवर मीठ चोळल्यासारखं झालं, हे शब्द बनियनचेच. खचलेल्या माणसाच्या हातात अशी पुस्तकं पडतात कशी, कुणास ठाऊक!

शेवटी न राहवून तो एका जुन्याजाणत्या ख्रिस्ती माणसाकडे गेला. सगळी कहाणी सांगितली. म्हणाला, मला भीती वाटते की माझ्या हातून पवित्र आत्म्याविरुद्धचं पाप घडलंय. म्हातारबुवांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मलाही तसंच वाटतं.’

कल्पना करा! धीर मागायला गेलेल्या माणसाला हे उत्तर. बनियन लिहितो, गार पडलेलं सांत्वन मिळालं. पण कसा माणूस बघा, जरा आणखी बोलून त्याने म्हातारबुवांचीच पारख केली: भला माणूस आहे, पण सैतानाशी याचा फारसा सामना झालेला नाही! मी कितीदा वाचलंय हे, दर वेळी हसू येतं. सल्ला देणाऱ्यांची ही जात अजून संपलेली नाही. ऐकायला बसतात भक्तिभावाने, आणि उठताना तुमच्या डोक्यावर धोंडा ठेवून जातात.

मग सुटला कसा? एका दिवसात नाही सुटला. कधी वर, कधी खाली, असं दीर्घकाळ चाललं. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचं, बायबलमधल्या गलतीकरांस पत्रावरचं भाष्य या संकटाच्या आधीच हाती आलं होतं, प्रत इतकी जीर्ण की हात लावला तर तुकडे पडतील. वाचलं तेव्हा वाटलं, जणू आपल्याच मनाचं वर्णन. आता मात्र एका वचनावर तो अडून बसला. योहानाचा 6 वा अध्याय, ओवी 37: ‘जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवणार नाही.’ या वचनाचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं सैतानाच्या हातात, अशी ओढाताण झाली, म्हणतो. सैतान म्हणे, हे तुझ्यासारख्यासाठी नाही. हा म्हणे, यात माझ्यासारखा वगळलेला नाही.

एवढ्यात वेळ बराच गेला. तेव्हा चर्चची शिकवण थोडक्यात. प्राचीन चर्चचा धर्मपंडित संत ऑगस्टीनने मांडलं की क्षमा न होणारं पाप म्हणजे शेवटपर्यंत पश्चात्ताप न करणं. कॅथलिक धर्मशिक्षणातही तेच आहे: देवाच्या दयेला सीमा नाही, पण पश्चात्ताप करून ती घ्यायलाच जो जाणूनबुजून नकार देतो, तो क्षमाही नाकारतो. प्रॉटेस्टंट पाळकही चिंताग्रस्त माणसाला बहुधा हेच सांगतात की ज्याला या पापाची भीती वाटते, त्याने ते केलेलं नाही. पुन्हा सांगतो, भीती वाटते म्हणजे केलेलं नाही.

आणि हा वाद काही बनियनपासून सुरू झाला नाही. रोमन सम्राट डेशियसने 250 साली सगळ्यांना देवतांपुढे यज्ञ करायला लावलं, तेव्हा जिवाच्या भीतीने पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी केला. छळ ओसरल्यावर ते रडत परत आले. रोमचा धर्मगुरू नोव्हेशियन म्हणाला, चर्चमध्ये यांना जागा नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा बिशप कॉर्नेलियस म्हणाले, प्रायश्चित्त करून येऊ द्या. चर्चने या दोघांचं ऐकलं. नाहीतर येशूचा शिष्य पेत्र, त्याचं काय केलं असतं? कोंबडा आरवण्याआधी तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणाला, तोही पुरेपूर आवाजात, बनियनसारखा मनातल्या मनात नव्हे.

बनियन पुढे उपदेशक झाला. परवान्याविना उपदेश करतो म्हणून 1660 पासून जवळजवळ बारा वर्षं तुरुंगात राहिला. उपदेश सोड, सुटशील, असं सांगितलं तरी ऐकलं नाही; आत बसून नाड्यांना टोकं लावून विकायचा आणि घर चालवायचा. त्याची ती जगप्रसिद्ध यात्रेकरूची कथा, ‘द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’, आपल्या हरि केशवजींनी 1841 मध्ये ‘यात्रिकक्रमण’ नावाने मराठीत आणली. ग्रंथालयात सापडली तर भाषेसाठी तरी चाळा.

पण मूळ कथा ज्या साली निघाली, त्याच 1678 साली त्याचं आणखी एक पुस्तक आलं, आणि ते अख्खं योहानाच्या त्या एका ओवीवर आहे. त्यात तो वाचकाशी सवालजबाब करतो. तू म्हणतोस, मी मोठा पापी आहे. ख्रिस्त म्हणतो, मुळीच घालवणार नाही. मी म्हातारा पापी आहे. मुळीच घालवणार नाही. माझं काळीज दगड आहे. मुळीच घालवणार नाही. मी मागे फिरलेला आहे. मुळीच घालवणार नाही. सबबी अजून बऱ्याच आहेत आणि उत्तर दर वेळी तेच आहे. निर्मातीबाई काचेतून हात करताहेत, तेव्हा बाकीच्या सबबी तुमच्या तुम्ही घाला.

नमस्कार.