वाचली की फाडायची चिठ्ठी

मायक्रोस्कोपच्या स्क्रीनवर हे जे पसरलेल्या पंजासारखं काहीतरी चाचपडत पुढे सरकतंय ना, ते वाढत्या मज्जापेशीचं टोक, ह्याला ग्रोथ कोन म्हणतात. भ्रूणाच्या मज्जारज्जूत काही पेशींचे तंतू मधली रेघ ओलांडून पलीकडे जातात, आणि एकदा गेले की परत अलीकडे यायचं नाही, असा नियमच आहे. पण एवढ्याशा टोकाला हे कळतं कसं?

तर रोबो-३ नावाच्या एकाच जीनचे दोन एमआरएनए असतात, म्हणजे प्रोटीन बनवायच्या दोन चिठ्ठ्या समजा. पहिलीतलं प्रोटीन रेघ ओलांडू देतं, दुसरीतलं ओलांडल्यावर तंतूला रेघेपासून लांब ठेवतं. ही दुसरी चिठ्ठी टोकात आधीच येऊन पडलेली असते पण रेघ येईपर्यंत कोणी वाचत नाही, मग तिथल्या पेशींचा सिग्नल मिळतो, रायबोसोम, म्हणजे चिठ्ठी वाचून प्रोटीन बनवणारं पेशीतलं यंत्र, वाचायला घेतो, आणि तिच्यात 'थांबा'ची खूण नको तेवढी लवकर येत असल्यामुळे वाचून झाली की लगेच तिचे तुकडे होतात! प्रोटीन हवं, पण मोजकंच हवं. २०१३ मध्ये उंदरांत ही फाडाफाड बंद करून बघितली तर प्रोटीन जास्त झालं आणि पलीकडे गेलेल्या तंतूंची वाट बिघडली.

फाडणाऱ्या यंत्रणेचं नाव एनएमडी. तिचा मुकादम यूपीएफ-१ हे प्रोटीन, पण त्याला आधी फॉस्फेट, म्हणजे एक छोटासा रासायनिक गट, चिकटवावा लागतो, तेव्हा कुठे तोडणारे एन्झाइम जमतात. माणसांत यूपीएफ-३बी ह्या जोडीदार जीनमध्ये बिघाड असेल तर बौद्धिक अक्षमता येऊ शकते, म्हणजे मामला किरकोळ नाही.

आता पेशीवर ताण आला समजा, ऑक्सिजन कमी पडला किंवा नीट घडी न झालेल्या प्रोटीनचा ढीग साचला. इथेही फॉस्फेटच, फक्त जागा वेगळी: चिठ्ठी वाचायला सुरुवात करून देणाऱ्या ईआयएफ-२ अल्फा प्रोटीनच्या ५१व्या जागेवरच्या सेरीन ह्या अमिनो आम्लावर. तो बसला की बहुतेक चिठ्ठ्यांचं वाचन मंदावतं, आणि वाचन नाही तर एनएमडीही थंड. मग एरवी फाडली गेली असती ती एटीएफ-४ची चिठ्ठी टिकते, उलट ह्याच गोंधळात ती जास्त वाचली जाते, आणि त्यातलं प्रोटीन बचावाचे जीन चालू करतं. त्यातच जीएडीडी-३४ नावाचं प्रोटीन तयार होतं, जे एका एन्झाइमला हाताशी धरून ५१व्या जागेवरचा तो फॉस्फेट काढायला लावतं, म्हणजे ब्रेक लागलेला असतानाच ब्रेक सोडवणारा माणूस बोलावून ठेवलेला.